झोताच्या दोन्ही बाजूंना

गाण्यात तो उठतो, चालत तिच्यापाशी जातो, उन्हाच्या झोतात दोघं एकमेकांना भेटतात. पुढे मात्र दोघं असे वागतात, की जणू काही घडलंच नाही. ‘कागज के फूल’ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा हे कोडं मला सुटलं नव्हतं. १९९२-९३ची गोष्ट. घरात वीस इंची टीव्ही होता आणि केबलवाल्याने दुपारी लावलेली कॅसेट. गीता दत्तचा आवाज, सचिनदेव बर्मन यांची चाल, कैफी आझमींचे शब्द, एवढ्यावरच मी भारावून गेलो होतो. भेटले आणि पुन्हा दुरावले, अशी मनाची समजूत घातली आणि विषय सोडून दिला.

दहा-बारा वर्षांनी एका फिल्म सोसायटीच्या खेळाला हाच चित्रपट पडद्यावर पाहिला. गाणं सुरू झालं आणि मी खुर्चीत सरसावून बसलो. तो उठत नाही. तो जागचा हलतसुद्धा नाही. त्याच्या देहातून त्याचीच एक विरळ, आरपार दिसणारी आकृती बाहेर पडते आणि चालू लागते. ती तिकडे तशीच उभी. तिच्यातूनही तिची छाया निघते. भेटतात त्या छाया. देह अंधारात, झोताच्या दोन्ही बाजूंना, होते तिथेच राहतात.

टीव्हीवर मला ते देह दिसलेच नव्हते. कॅसेटच्या मळकट चित्रात आकृतीचा विरळपणा कळला नव्हता, हे एक झालं. पण खरं कारण दुसरं होतं. टीव्हीची चौकट चालणाऱ्या आकृतीच्या मागे गेली होती आणि मागे थांबलेलं माणूस चौकटीबाहेर पडलं होतं. न झालेल्या भेटीचं गाणं मी इतकी वर्षं भेटीचं गाणं म्हणून मनात बाळगलं होतं.

‘कागज के फूल’ १९५९चा. भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. दिग्दर्शक गुरुदत्त, छायालेखक व्ही. के. मूर्ती. योगायोग असा, की त्याच वर्षी १५ सप्टेंबरला दिल्लीत दूरदर्शनचं प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं. म्हणजे आपला पहिला रुंद चित्रपट आणि टीव्हीचा चौकोनी पडदा एकाच वर्षी आले. एकाची रुंदी उंचीच्या २.३५ पट, दुसऱ्याची जेमतेम १.३३ पट. रुंद चित्र चौकोनी डब्यात पूर्ण उंचीने भरायचं म्हटलं, तर रुंदीतला ५७ टक्के भाग मावतो. उरलेले ४३ टक्के बाहेर. शंभर पानांच्या कादंबरीतली त्रेचाळीस पानं फाडून ती वाचायला दिली, तर आपण भांडू. टीव्हीवरच्या सिनेमाच्या बाबतीत वर्षानुवर्षं फारसं कुणी भांडलं नाही, कारण फाडलेली पानं दिसतच नव्हती.

सिनेमास्कोपची मूळ युक्ती आमच्या पिढीने नकळत हातात धरलेली आहे. लहानपणी फिल्मचे तुकडे जमवायचो. गोट्या देऊन ते मिळायचे, भिंगाखाली किंवा नुसतेच उजेडासमोर धरून पाहायचे. काही तुकड्यांत माणसं नेहमीसारखी दिसत. काहींत मात्र सगळे शेवग्याच्या शेंगेसारखे लांबट. अमिताभ तर मुळातच उंच, त्या तुकड्यात तो विजेच्या खांबाएवढा दिसायचा. तो तुकडा खराब निघाला असं आम्हाला वाटे. तो खराब नव्हता, तो सिनेमास्कोप होता. कॅमेऱ्यावरचं खास भिंग रुंद दृश्य आडव्या अंगाने निम्मं आवळून नेहमीच्याच ३५ मिलिमीटर फिल्मवर बसवतं आणि थिएटरातल्या प्रोजेक्टरचं भिंग ते पुन्हा पसरवतं. आंरी क्रेतियाँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात ही भिंगं घडवली होती. हॉलिवूडला ती आठवली १९५३मध्ये, ‘द रोब’च्या वेळी. कारण उघड होतं. अमेरिकेत लोक घरी टीव्हीसमोर बसू लागले होते, थिएटरं ओस पडत होती. टीव्हीला जे जमणार नाही ते दाखवायचं ठरलं, आणि टीव्हीला न जमणारी सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे रुंदी.

पुढे तेच चित्रपट टीव्हीला विकले गेले. एनबीसी या अमेरिकन वाहिनीने १९६१मध्ये शनिवारी रात्री मोठे चित्रपट दाखवायला सुरुवात केली आणि पहिलाच निवडला तो ‘हाउ टू मॅरी अ मिलियनेअर’, म्हणजे सिनेमास्कोपमध्ये चित्रित झालेल्या अगदी पहिल्या चित्रपटांपैकी एक. टीव्हीपासून वाचण्यासाठी काढलेली रुंदी टीव्हीच्याच दारात कापली जाऊ लागली. त्या कापण्याला पॅन अँड स्कॅन म्हणतात.

हे काम टेलिसिने यंत्रावर होत असे. फिल्म यंत्रातून सरकत असे, तिचं चित्र विजेच्या संकेतात उतरत असे आणि समोर बसलेला माणूस ठरवत असे, की आत्ता रुंद चित्रातला कुठला तुकडा घ्यायचा. दोन माणसं दोन टोकांना बसून बोलत असतील तर त्याच्यासमोर मोजकेच रस्ते असत. बोलणाऱ्याला ठेवायचं आणि ऐकणाऱ्याला सोडायचं. किंवा चौकट या टोकाकडून त्या टोकाकडे सरकवायची. मग दिग्दर्शकाने जो कॅमेरा खिळवून ठेवला होता, तो टीव्हीवर डुलू लागतो. किंवा एका टोकावरून दुसऱ्या टोकावर उडी मारायची. म्हणजे संकलकाने जिथे एकच सलग दृश्य ठेवलं, तिथे कात्री लागल्यासारखं दिसतं. आणि मधोमध चौकट धरली, तर दोन्ही कडांना दोन नाकं आणि मध्ये टेबलावरची फुलदाणी. श्रेयनामावली तर कापताच येत नाही, नावं अर्धी होतात. म्हणून सुरुवातीला चित्र आवळलेलंच ठेवत. टीव्हीवर कितीतरी सिनेमांच्या नावांमागची माणसं लांबट दिसत आणि नावं संपताच एकदम धडधाकट होत, ते त्यामुळे. आमच्या खिशातले फिल्मचे तुकडेच ते.

या कामाला बसलेल्या माणसावर मला राग धरवत नाही. त्याच्यासमोर दोन तासांहून मोठा चित्रपट आणि थोडा वेळ. चेहरा दिसला पाहिजे, बोलणारा दिसला पाहिजे, हा त्याचा नियम होता आणि साध्या संभाषणाच्या प्रसंगाला तो पुरतोही. पण ‘कागज के फूल’ हा चेहऱ्यांवर उभा असलेला चित्रपट नाही. तो माणसांमधल्या अंतरावर उभा आहे.

सुरुवातच पाहा. म्हातारा झालेला सुरेश सिन्हा, एकेकाळचा नावाजलेला दिग्दर्शक, आपल्या जुन्या स्टुडिओत येतो आणि वर चढून खालच्या रिकाम्या फ्लोअरकडे पाहतो. रुंद पडद्यावर या दृश्यात माणूस जेवढा दिसतो, त्याच्या कितीतरी पट पोकळी दिसते. वासे, दोर, दिव्यांचे सांगाडे, खाली पसरलेला काळोख, आणि त्यात एक वाकलेला देह. नजर आपोआप पोकळीतून फिरते आणि मग माणसावर येऊन थांबते. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी जागा दिसते, मग त्या जागेने टाकून दिलेला माणूस. टीव्हीची चौकट म्हाताऱ्याला मधोमध धरते आणि क्रम उलटा होतो. आधी माणूस, मग पाठीमागे थोडंसं काहीतरी. तो दुःखी आहे एवढं कळतं. तो एवढासा झालाय, हे कळत नाही.

या पोकळीत आपल्या एका मराठी माणसाचाही हात आहे. चित्रपटाचं कलादिग्दर्शन एम. आर. आचरेकरांचं. चित्रकार म्हणून ते मोठे होतेच, ‘रूपदर्शिनी’सारखं पुस्तक त्यांच्या नावावर आहे, आणि ‘कागज के फूल’साठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. मूर्तींनाही छायालेखनासाठी तो मिळाला. चित्रपटाकडे प्रेक्षकांनी मात्र पाठ फिरवली आणि त्यानंतर दिग्दर्शक म्हणून गुरुदत्तचं नाव पुन्हा पडद्यावर आलं नाही. पण मुद्दा त्या पोकळीचा. स्टुडिओ दाखवायचा म्हणजे नुसती भिंत रंगवून भागत नाही, मोकळी जमीन दाखवावी लागते, आणि मोकळ्या जमिनीला आकार द्यायला चित्रकाराचीच नजर लागते. कागदावर काय काढायचं नाही हे ज्याला कळतं, त्याचं ते काम. चौकट कापली जाते तेव्हा सगळ्यात आधी ही न काढलेली जागा जाते, कारण तिथे ‘काही नसतं’.

आणि हा चित्रपट कॅमेऱ्याच्या चौकटीत कोण आहे आणि कोण नाही, याच गोष्टीचा आहे. वहिदा रेहमानची शांती सुरेशला आधी भेटते ती पावसात, झाडाखाली. त्याचा कोट परत करायला ती स्टुडिओत येते आणि नकळत चालू कॅमेऱ्यासमोर जाते. शॉट वाया जातो, सगळे वैतागतात. नंतर सुरेश ते रिळ पाहायला बसतो आणि चुकून चौकटीत शिरलेली ही मुलगी पडद्यावर दिसते. त्याला आपल्या ‘देवदास’ची पारो सापडते. एका मुलीचं सगळं आयुष्य बदलतं, ते ती चौकटीत आली म्हणून. पुढे तीच शांती तारका होते, आणि सुरेश तिच्याच चित्रपटात गर्दीतला माणूस म्हणून उभा राहण्याइतका घसरतो. शेवटी तो रिकाम्या फ्लोअरवर दिग्दर्शकाच्या खुर्चीत येऊन बसतो आणि तिथेच मरतो. सकाळी लोक येतात, काम सुरू करायचं असतं, निर्माता ओरडतो, हे प्रेत हलवा. मरणानंतरची त्याची अडचण एवढीच, की तो शॉटच्या मध्ये येतोय. अशा चित्रपटाच्या कडा कापणं म्हणजे त्याचा विषयच कापणं आहे.

आता पुन्हा त्या गाण्याकडे. तो झोत दिव्यांचा नाही, खऱ्या उन्हाचा आहे. मूर्तींनी मोठे आरसे लावून बाहेरचं ऊन परावर्तित करून आत आणलं. छपरातल्या फटीतून घरात उतरणाऱ्या उजेडाला आपल्याकडे तिरीप म्हणतात, जमिनीवर पडणाऱ्या ठिपक्याला कवडसा. लहानपणी कौलारू घरात दुपारी जो झोपला असेल, त्याला तिरिपीत तरंगणारी धूळ ठाऊक असते. मूर्तींनी तीच तिरीप पकडली आणि स्टुडिओएवढी केली. तिची धूळ, तिच्या कडांचा मऊपणा आणि तिच्याभोवतीचा गडद काळोख, हे सगळं कृष्णधवल फिल्मवर उतरलं. पुढे दादासाहेब फाळके पुरस्कार मिळवणारे ते पहिले छायालेखक ठरले. २००८ सालासाठीचा तो पुरस्कार त्यांना वयाच्या ऐंशीनंतर मिळाला.

गाण्यात दोघांपैकी कुणाचेही ओठ हलत नाहीत. शब्द त्यांच्या मनातही आहेत आणि त्या पोकळीतही. कॅमेरा एकाकडे सरकत जातो, थांबतो; मग दुसऱ्याकडे. दोघांच्या मध्ये उजेडाचा खांब आहे आणि खांबाच्या दोन्ही बाजूंना काळोख आहे. सुरेश विवाहित आहे, घर मोडलेलं आहे, मुलगी आहे. शांतीला हे सगळं माहीत आहे. मधली जागा ओलांडता येणार नाही, हे दोघांनाही कळतं. सिनेमास्कोपच्या आधी हिंदी चित्रपटात दोन माणसांमधलं अंतर दाखवायचं, तर आलटूनपालटून चेहरे दाखवत किंवा मध्ये खांब, खिडकी, गज आणत. इथे अंतर नुसतं अंतर म्हणून दिसतं, मोजता येईल असं. मला वाटतं, हे नवं भिंग हातात आल्यावर गुरुदत्तने विचारलेला प्रश्नच वेगळा होता. अमेरिकेत या रुंदीत रोमन फौजा आणि वाळवंटं भरली. त्याने तिच्यात दोन माणसं ठेवली आणि बाकीचं रिकामं सोडलं.

आणि मग त्या छाया. देहातून निघून चालत जाणारी आकृती आणि मागे राहिलेला देह एकत्र दिसतात तेव्हाच या दृश्याला अर्थ येतो. जे व्हावंसं वाटतं आणि जे होतंय, ते एकाच वेळी डोळ्यांसमोर हवं. टीव्हीसाठी कापणाऱ्याने नियम पाळला. हलणाऱ्याच्या मागे गेला. हालचाल दिसली पाहिजे, हे त्याला शिकवलेलं. पण या दृश्यातली खरी घटना न हलण्याची आहे. तीच बाहेर राहिली आणि माझ्यासारख्या कॉलेजच्या पोराला दहा वर्षं वाटत राहिलं, की ते भेटले.

कापाकापीवर उपाय सुरुवातीपासून साधा होता. चित्र पूर्ण रुंदीने दाखवायचं आणि वर-खाली काळे पट्टे सोडायचे. याला लेटरबॉक्स म्हणतात. वुडी ॲलनने आपल्या ‘मॅनहॅटन’बाबत (१९७९) हट्ट धरला, की व्हिडिओवर तो असाच यायला हवा. तोही कृष्णधवल, तोही रुंद. सिडनी पोलॅक तर डेन्मार्कच्या टीव्हीविरुद्ध कोर्टात गेला. त्याच्या ‘थ्री डेज ऑफ द काँडोर’ची रुंदी कापून तो दाखवला होता. १९९७च्या निकालात कोर्टाने हे मान्य केलं, की अशी कापणी म्हणजे कलाकृतीची मोडतोड आहे. खटला तो हरला, कारण वाहिनीने ती आवृत्ती सद्भावनेने विकत घेतली होती. पण मोडतोड हा शब्द कोर्टाच्या निकालात आला, याचं मला मोल वाटतं.

लेटरबॉक्सलाही किंमत मोजावी लागते, हे मान्य करायला हवं. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीवर चित्राच्या ५७६ रेषा दिसत. सिनेमास्कोप चित्रपट पूर्ण रुंदीने बसवला की चित्राला त्यातल्या ३२६च्या आसपास रेषा मिळत, बाकी काळोख. वीस इंची टीव्हीवर चेहरे करंगळीच्या नखाएवढे. आमच्याकडे असा एखादा सिनेमा लागला की शेजारच्या काकू विचारायच्या, “अरे, टीव्ही बिघडला का? अर्धाच दिसतोय.” पूर्ण दिसत होता तेव्हा अर्धा वाटायचा, आणि अर्धा दिसायचा तेव्हा कुणाची तक्रार नसायची. काकूंची चूक नव्हती. पैसे मोजून घेतलेली काच काळी राहिलेली कुणाला आवडेल?

आजचे टीव्ही १६ः९ आकाराचे. या आकड्यामागेही हाच तिढा आहे. १९८०च्या दशकात कर्न्स पॉवर्स या अभियंत्याने वेगवेगळ्या आकारांचे आयत एकमेकांवर ठेवून पाहिले आणि सगळ्यांना सामावेल असा मधला आकार शोधला. १.३३ आणि २.३५ यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं की १.७७ येतं. सोळा भागिले नऊ जवळपास तेवढंच. म्हणजे आपल्या भिंतीवरचा टीव्ही हा दोन जुन्या पडद्यांमधला समझोता आहे आणि समझोत्यात दोघांनाही थोडं सोडावं लागतं. ‘कागज के फूल’ त्यावर पूर्ण पाहायचा तर आजही उंचीच्या पावभागाएवढे काळे पट्टे येतात. पडदा भरायचा तर रुंदीतला जवळपास पावभाग जातो.

आणि आता उलटाही अन्याय सुरू झालाय, त्याचं मला जास्त वाईट वाटतं. ‘प्यासा’ १९५७चा. तोच गुरुदत्त, तेच मूर्ती, पण चित्र जुन्या चौकोनी मापाचं. तो आजच्या रुंद टीव्हीवर भरायचा म्हणून कुणी वरून-खालून कापतं, कुणी आडवा ताणतं. सभागृहाच्या दारात हात पसरून उभा राहिलेला कवी विजय आठवा. पाठीमागून उजेड, समोर काळोख, आणि दाराची ती उंची. वरचा भाग कापला की दार ठेंगणं होतं आणि मग त्या उभं राहण्यातलं काहीतरी जातं. ताणला तर विजय रुंद आणि बुटका होतो, आणि कवी पहिलवानासारखा दिसू लागतो. मूर्तींनी एका मापात उंची वापरली, दोन वर्षांनी दुसऱ्या मापात रुंदी वापरली. दोन्ही मापं विचार करून भरलेली. दोन्ही आपण आपल्या काचेच्या सोयीने छाटतो.

ही छाटणी टाळायला आपल्या हातात एक गोष्ट आहे. रिमोटवर चित्राचा आकार बदलायची सोय असते. झूम, वाइड, फुल अशी नावं असतात; त्यांत मूळ आकाराचाही पर्याय असतो. जुना सिनेमा लावताना तो निवडा. बाजूला किंवा वर-खाली काळं दिसलं तर दिसू द्या, पाच मिनिटांत ते नजरेआड होतं. घरातलं कुणी म्हणालं, की अर्धाच दिसतोय, तर त्यांना सांगा, की हा पूर्ण आहे. आणि दिवे मालवून ‘कागज के फूल’मधलं ते गाणं लावा. झोत तर दिसेलच. नजर जरा दोन्ही बाजूंच्या काळोखावर ठेवा. दोघं तिथे उभे आहेत.